उंची बरोबर चार

डिप्लोमाचं पहिलं वर्ष. सातवं गणित.
शंकूच्या आकाराची टाकी, टोक खाली,
त्रिज्या कायम उंचीच्या निम्मी,
सेकंदाला दोन घन सेंटिमीटर पाणी पडतंय.
उंची चार असताना पातळी किती वेगाने चढते?

माझं उत्तर शून्य.
तीनदा सोडवलं, तिन्ही वेळा शून्य.
पाणी पडतंय आणि पातळी हलत नाही,
असली टाकी नाशिकात तरी कुठे नसावी.

सरांना विचारायची सोय नव्हती.
ते इंग्रजीत एवढ्या वेगाने सांगायचे
की मी फक्त त्यांच्या खडूकडे बघायचे.
स्पर्शिका म्हटलं असतं तर निदान
कुठेतरी काहीतरी हलकेच टेकतंय, एवढं कळलं असतं.

भांडी बाजारात आमचं दुकान.
बाबा गिऱ्हाइकाला घागर वाजवून दाखवत होते.
शेजारच्या ओट्यावर केरूकाका निमसे,
पाटबंधारे खात्यातून रिटायर,
एकतीस पावसाळे होळकर पुलाशी
गोदावरीची पातळी वाचलेला माणूस.
म्हणाले, वही आण.
काका, कॅल्क्युलस आहे.
असू दे की. मला थोडंच सोडवायचंय?
तू काय केलंस ते वाच.

मी वाचलं.
घनफळाचं सूत्र. त्रिज्या उंचीच्या निम्मी.
एच बरोबर चार, म्हणून घनफळ अमुक,
आता त्याचं विकलन...

थांब. चार कधी आलं?
कधी म्हणजे? गणितात दिलंय.
दिलंय, पण कधी?

मला राग आला. उत्तर नाही, वर प्रश्न.
काका चष्मा पुसत राहिले.
पट्टीवर चार वाचलंस, वहीत चार लिहिलंस,
टॉर्च बंद करून घरी गेलीस.
नदी थांबली का?

मग त्यांनी नोंदवहीचं सांगितलं.
खात्याच्या छापील पानावर दोनच रकाने, वेळ आणि पातळी.
तिसरा त्यांनी पेन्सिलीने ओढलेला:
मागच्या वेळेपासून किती.
साहेबाने एकदा विचारलं, हे काय खरडलंय?
म्हणाले, साहेब, मी रात्री हेच वाचतो.

दुकानातलं तांब्याचं मोठं नरसाळं काढलं,
भोकात पिशवीचा बोळा कोंबला.
तू ओत, मोजून, एकेक वाटी.
पहिली वाटी: चार बोटं.
दुसरी: जेमतेम एक.
तिसरी: एकालाही कमी.
मी स्केचपेनने रेघा मारत गेले
आणि चौथ्या वाटीला हात तसाच राहिला.
वाटी तीच होती.

त्या संध्याकाळी मी एचला चालू दिलं.
सूत्रात त्याला मोकळं सोडलं, विकलन केलं,
आणि अगदी शेवटच्या ओळीत म्हटलं, आता चार.
एक भागिले दोन पाय.
काकांनी बघितलं, त्यांना ते बरोबर की चूक
काहीच कळलं नाही.
शून्य नाही ना? मग झालं.

सरांनी अर्धा गुण कापला. एकक लिहिलं नव्हतं.
हे काकांना सांगितल्यावर ते सरांच्याच बाजूने.
नुसता आकडा कळवलास कंट्रोल रूमला
तर शिव्या खाशील, फूट की मीटर म्हणून.

रात्री बाबांना नरसाळं सापडलं.
आतून निळ्या रेघा, खाली लांब लांब, वर दाटीवाटीने.
आता हे कोण घेणार, म्हणाले,
आणि चिंच-मीठ घेऊन घासायला बसले.
घासता घासता थांबले.
त्या वर्षी पुरात असंच झालं होतं.
घाटाच्या पायऱ्या पाणी धावत चढलं.
बाजारात पसरलं तसं मंदावलं,
आपल्या वरच्या फळीपर्यंत यायला तीन तास लागले.
तेवढ्यात पराती निघाल्या सगळ्या.
केरूने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणा.

पुन्हा घासू लागले.
बाकीच्या रेघा गेल्या.
सगळ्यात खालची, चार बोटांवरची,
अजून आहे.